ज्वारीचे फुटवे आणि न भिणारं यंत्र

यंदाही पावसानं ओढ दिली आहे. सुरतेत पाऊस ओढ देतो तेव्हा आभाळ मोकळं नसतं. ते रोज भरून येतं, ओल्या घोंगडीसारखं अंगावर बसतं आणि पडत मात्र नाही. पंख्याखाली बसलं तरी पाठीवरून घाम ओघळत राहतो, मीठ डबीत विरघळतं, आणि माणसं एकमेकांवर उगाच खेकसतात. अशा दिवसांत कामरेजच्या बाजूनं हिरव्या चाऱ्याचे टेम्पो येताना दिसले, की लोकांच्या डोळ्यांना म्हणे गारवा वाटतो. मी मात्र टेम्पोत काय भरलंय ते वाकून बघते.

परवा मामेभाऊ भगवानच्या तबेल्यावर गेले होते. त्यानं नुकत्याच उतरवलेल्या चाऱ्यावर फोन धरला, फोटो काढला आणि माझ्यासमोर नाचवला. "ताई, बघ. प्रोटीन किती, पचणार किती, सगळं सांगतो. याला मशीन लर्निंग म्हणतात." हे त्यानं मला सांगावं! मी हसणारच होते, पण तेवढ्यात फोटोतली ज्वारी नीट दिसली. कापलेल्या बुडख्यांतून पुन्हा आलेले, गुडघ्याएवढे, गर्द हिरवे फुटवे. त्यांच्याखाली आकडा झळकत होता, हिरव्याच रंगात, शाबासकी दिल्यासारखा.

"हे ताजं घालणार की वाळवून?" मी विचारलं.

"ताई, तू अजून तिथंच आहेस का?"

हो, मी अजून तिथंच आहे. सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगला दोन वर्षंही झाली नव्हती, त्या उन्हाळ्यात.

आधी एक सांगून टाकते. मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेच्या बटणाला भिते, रस्ता ओलांडताना शेजारच्या अनोळखी बाईचा पदर धरते. धुळ्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन नोकरीसाठी सुरतेला मामाकडे आले, तेव्हा आईनं मामीला निरोपच पाठवला होता, की पोर हुशार आहे पण भित्री भागूबाई आहे, सांभाळून घ्या. मामीनं सांभाळलं, पण चिडवायचं सोडलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, माझ्यामागे तर त्यांची अख्खी पंगत असायची. संध्याकाळी मी घाबरून घरात शिरले की मामी चुलीपुढून मान न वळवता विचारायची, "आज काय दिखनं वं माय? पाल का कुत्रं?"

मामा लिंबायतच्या एका कारखान्यात माग चालवायचा. दिवसभर खटाखटा ऐकून त्याचे कान गेलेले, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलत. घर गोडादऱ्यात होतं. चाळीमागे एक मोकळा प्लॉट पडलेला, मालक कुठे परदेशात. तिथे मामीनं पत्र्याची शेड घालून दोन म्हशी बांधल्या होत्या, मोरी आणि चांदी. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मामीच्या घरात देव्हारा होता, पण सकाळी पहिला हात जोडला जायचा तो शेडकडे. प्लेगच्या वेळी सगळी वस्ती गाठोडी बांधून खानदेशाच्या गाडीला लटकली. मामालाही तिनं पाठवून दिलं. स्वतः मात्र नाकाला फडकं बांधून मागे राहिली. का, तर म्हणे, "म्हशीस्ना तिकीट कोन काढी?" ओस पडलेल्या गल्लीत ही एकटी बाई धारा काढत होती. तिला कशाचीच भीती वाटत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

कामरेजच्या पुढे पशुखाद्याचा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत मी लागले. आमचं काम म्हणजे चारा, पेंड, भुसा यांत जनावराच्या पोटाला काय मिळणार ते काढणं. जुनी पद्धत वेळखाऊ. नमुना तेजाबात उकळा, वाफ धरा, थेंब थेंब टाकत रंग बदलायची वाट बघा, तेव्हा कुठे प्रोटीनचा एक आकडा मिळायचा. बोटांची कातडी सोलून निघायची. मग त्या वर्षी यंत्र आलं. त्यासाठी वेगळी थंडगार खोली केली, बाहेर चपला काढायचा नियम झाला, नारळ फुटला, आणि आमचे वरिष्ठ देसाईसाहेब यांनी त्याच्या संगणकाच्या कपाळावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. हात जोडताना मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, माझी नोकरी खाऊ नकोस.

पण त्याला आधी शिकवावं लागणार होतं, आणि शिकवायचं मीच. चाऱ्याचा नमुना ओव्हनमध्ये ठणठणीत वाळवायचा, छोट्या चक्कीत दळायचा, चाळायचा, काचेचा तळ असलेल्या वाटीत दाबून भरायचा. यंत्र त्यावर प्रकाश टाकी. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. त्यातला किती परत आला त्याची एक नागमोडी रेघ पडद्यावर उमटे. त्या रेघेपुढे मी जुन्या पद्धतीनं काढलेला आकडा भरायचा. ही रेघ म्हणजे इतकं प्रोटीन, ती रेघ म्हणजे तितकं. गवत, घास, मका, कडबा, उसाचं वाढं. महिनोन् महिने मी त्याला असं भरवत होते. आणि एके दिवशी मी आकडा भरण्याआधीच त्यानं तो सांगितला. बरोबर सांगितला! देसाईसाहेबांनी टाळी वाजवली. मला मात्र बंद घरात आपण एकटेच आहोत असं वाटत असताना आतून कुणी ओ द्यावी, तसं झालं.

हळूहळू भीती मोडली, किंवा मोडल्यासारखी वाटली. मी घरी कौतुकानं सांगू लागले. मामी ऐकायची, खोटं कशाला सांगू, तिला माझ्यापेक्षा त्या यंत्राचं जास्त कौतुक होतं. एवढं सगळं ओळखतं आणि ओरडत नाही, रडत नाही, पालीला भीत नाही. "हाई खरं शिकेल शे," ती मला हिणवायची. म्हणजे शिकलेलं म्हणावं तर हे.

मग तो ज्येष्ठ आला. कालव्याचं पाणी बंद झालेलं, आभाळ भरून कोरडं. हिरवा चारा औषधालाही मिळेना. म्हशी कडबा चघळून कंटाळल्या, दूध आटलं. टेम्पोवाल्यानं मामीला बातमी आणली, की कामरेजजवळ एकाची ज्वारी उभी आहे. उन्हाळ्यात कापलेली, पाण्यावाचून अडलेली, पण बुडख्यांतून फुटवे आलेत, हिरवेगार. मामीचे डोळे चमकले आणि लगेच विझले. तिचा जन्म तापीकाठच्या खेड्यात गेलेला. पाण्याला तरसलेली कोवळी ज्वारी जनावरानं खाल्ली तर किराळ लागते, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किराळ लागलेलं जनावर मी लहानपणी एकदा बघितलं आहे. बांधावरच कोसळलं होतं, पाय झाडत होतं, श्वासासाठी तोंड वासून होतं, आणि गुरांच्या डॉक्टरची सायकल दिसायच्या आत थंड झालं.

म्हणून मामीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर फुटवे आणून माझ्या हातात दिले. "कोवळी शे वं माय, माले भेव वाटस. तुना मशीनले इचार, टाकू का नको."

कधीही न भिणाऱ्या बाईला भीती वाटली होती, आणि ती तिनं माझ्या पिशवीत घालून दिली. मी ती पिशवी नेली. रीतसर वाळवलं, दळलं, चाळलं, वाटीत भरलं. रेघ उमटली, आकडा आला, आणि आकडा बघून देसाईसाहेब खुर्चीतून उठले. "वाह! एकदम फर्स्ट क्लास, सुमनबेन." इतकं प्रोटीन त्या मोसमात कुठल्याच चाऱ्यात निघालं नव्हतं. मी घरी जाऊन तेच शब्द सांगितले, फर्स्ट क्लास. मामीचा चेहरा फुलला. तिनं गल्लीभर सांगितलं, की आपला चारा कॉम्प्युटरमध्ये पास झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोभर ज्वारी यायची ठरली.

आता वाटतं, किती साधी गोष्ट. मामीनं विचारलं होतं, टाकू का नको. यंत्रानं सांगितलं, पौष्टिक किती. या दोन वाक्यांच्या मध्ये एक आख्खी म्हैस उताणी पडू शकते, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. यंत्र खोटं बोललं नव्हतं. जे त्याला शिकवलं तेच त्यानं सांगितलं, आणि भीती त्याला कुणी शिकवलीच नव्हती. भगवानच्या फोनलाही नसावी शिकवलेली. तो फोटो काढून घेतो, पण हातात ताजं आहे की वाळलेलं, पाऊस कधी पडला, पीक अडलं होतं का, असलं काही विचारत नाही. विचारणारं माणूस मध्ये होतं तेव्हा निदान ते चाचरत बोलायचं. आकडा कधी चाचरत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच शेतातले आणखी फुटवे मागवले होते, यंत्राला नीट शिकवायला. दुपारी मी ओव्हनचं दार उघडलं आणि वास आला. मंद, गोडसर, कडू बदाम फोडल्यावर येतो तसा. कॉलेजात आमच्या बाईंनी एकच वास असा सांगितला होता, की तो आला तर पुन्हा हुंगून खात्री करू नका, पळा. मी पळाले नाही. दार लोटलं, खिडक्या उघडल्या, आणि पिशवीत उरलेले ताजे फुटवे परीक्षानळीत कुस्करून घातले. वर पिक्रिक आम्लात बुडवलेली कागदाची पिवळी पट्टी टांगली. ती जुनी, सगळ्यांना पाठ असलेली चाचणी. विष नसेल तर पट्टी पिवळीच राहते.

मी नळीकडे बघत उभी राहिले. पट्टीच्या कडेला नारिंगी झाक आली. देवा, उजेडामुळे असेल. मग नारिंगी आत सरकली, गडद झाली, आणि बघता बघता अख्खी पट्टी विटेसारखी लाल झाली. मी साहेबांना हाक मारली.

देसाईसाहेबांनी पट्टी बघितली, ओव्हनकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. "आपणे तो सुकवीने ज जोईए छीए," ते पुटपुटले. आपण तर वाळवूनच बघतो. बस, एवढंच होतं सगळं. ज्वारीतलं किराळ लावणारं ते विष उडून जाणारं. ओव्हनच्या उष्णतेनं ते आधीच निघून जायचं, आणि यंत्रापुढे यायचा तो धुऊनपुसून निर्मळ झालेला भुगा. हजार नमुने शिकवले असते तरी त्याला ते दिसलं नसतं, कारण त्याच्यापुढे ते कधी येणारच नव्हतं. आणि म्हशी काही ओव्हनमधला चारा खात नाहीत. पुढे आमच्याकडे नियम झाला, की हिरवी ज्वारी आली तर ओव्हनआधी पिवळी पट्टी. पण त्या दुपारी घड्याळाकडे बघून मला एवढंच कळत होतं, की टेम्पो गोडादऱ्याला पोचला असणार.

"तू घर जा," साहेब म्हणाले, "खेतवाले को और बाकी सबको मैं फोन करता हूँ." मी आधी आमच्या चाळीसमोरच्या पीसीओला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पीसीओवाला दुपारचा जेवायला जाई आणि शटर अर्धं ओढून ठेवी.

कामरेजच्या नाक्यावरून मी रिक्षा केली. एरवी मी रिक्षात मागच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसते. त्या दिवशी अर्धी बाहेर लोंबकळत होते. वराछ्याला गर्दीत रिक्षा अडकली. रिक्षावाला म्हणाला, "शांति राखो बेन, कोई बीमार छे?" मी म्हटलं, भैंस. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हॉर्न दाबला. डोळे मिटले की बांधावरचं ते जनावर दिसे, आणि त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका असे. डोळे उघडले की वाटे, मामी आता गवाणीत पेंढी सोडत असेल. आता सोडली असेल. आता मोरीनं तोंड घातलं असेल. भीतीचं गणित फार वेगानं होतं, त्याला कुठलंच यंत्र लागत नाही. प्लेगला पुरून उरलेल्या त्या म्हशी, आणि मामीनं त्यांच्यासाठी नवऱ्यालाही गाडीत बसवून दिलेलं. त्यांना काही झालं तर ती बाई पुन्हा उभी राहणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

प्लॉटवर पोचले तेव्हा दोन्ही म्हशी उभ्या होत्या. मला रडूच फुटलं. ज्वारीचा ढीग शेडच्या सावलीत, वर ओलं पोतं टाकलेलं, हिरवेपणा जाऊ नये म्हणून. मामीनं पहिली पेंढी नुकतीच उचलली होती. तिच्या कपाळाला ताजं कुंकू होतं.

"मामी, नको टाकू!" मी ओरडले. "जहर शे त्यामा!"

ती हसली. घामाघूम, पदर सुटलेली, रडणारी मी बघून तिला नेहमीचंच वाटलं. "पाल दिखनी का?"

मी तिचा हात धरला. वाळवलेलं वेगळं, ताजं वेगळं, ओव्हनमध्ये विष उडून जातं, पट्टी लाल झाली, एका दमात सगळं बोलले. तिला त्यातलं काय कळलं असणार! तिचं हसू गेलं आणि कपाळाला आठी पडली. "मी घाबरनी व्हती," ती म्हणाली. "तुना मशीननं मनं भेव काढं. फर्स्ट क्लास सांगं ना तू? आते तू भिस म्हनीसन मशीन खोटं का?"

घाबरलेली मी तिनं रोज बघितली होती, आणि त्यातलं एकदाही खरं निघालं नव्हतं. यंत्र कधी घाबरलं नव्हतं. कुणावर विश्वास ठेवायचा हे तिच्या बाजूनं उघड होतं. तिनं माझा हात सोडवला आणि पेंढी गवाणीकडे नेली. चांदीनं मान लांब करून जिभेनं एक फुटवा ओढलासुद्धा.

मग मी जे केलं ते ठरवून केलं नाही. त्या पेंढीतून मूठभर पानं तोडली आणि तोंडाकडे नेली. "फर्स्ट क्लास शे ना? मंग आधी मी खास."

मामीनं फाडकन माझ्या हातावर मारलं. इतक्या जोरात, की पानं उडून शेणात पडली आणि माझ्या बांगड्या फुटल्या. "थुक!" ती किंचाळली. "थुक, तोंडमा गयं का? तोंड उघाड!" तिनं माझा जबडा धरला, बोट घालून जीभ, गालफडं चाचपली. काहीच गेलं नव्हतं, तरी ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिचे डोळे माझ्यापासून अगदी जवळ होते. मी त्यांत ते परत येताना बघितलं. पिशवी हातात देताना होतं तेच. काळं, ओलं, पुरतं शहाणं भय. आयुष्यात कुणाला घाबरलेलं बघून मला एवढं हायसं वाटलं नव्हतं.

पुढच्या क्षणी ती चांदीवर झेपावली. त्या धिप्पाड जनावराच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला, चघळलेला फुटवा ओढून काढला आणि पेंढी भिरकावून दिली. आम्ही दोघींनी मिळून ढीग शेडबाहेर ओढला. मग म्हशींसमोर उकिडव्या बसून आम्ही त्यांचे श्वास बघत राहिलो. चांदीची बरगडी वर जाई, खाली येई. प्रत्येक वेळी वर गेली की मामीची बोटं माझ्या मनगटात रुतत. ऊन उतरलं. पलीकडच्या कारखान्यांतल्या मागांचा आवाज बदलला, म्हणजे पाळी सुटली. आणि केव्हातरी चांदी खाली बसली, डोळे अर्धे मिटले, आणि शांतपणे रवंथ करू लागली.

मामीनं डोळ्यांना पदर लावला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुना मशीनले सांगजो माय. आमनं भेव आमनाजोडे ऱ्हाऊ दे." आमचं भय आमच्यापाशीच.

मग ती उठली आणि दोन्ही म्हशींपुढे जुना कडबा टाकला.